रिझल्ट आमच्या पत्त्यावर पण पाठवा

आमच्या अण्णांच्या ताटाची डावी बाजू पंचवीस वर्षं रिकामी होती. डावीकडं काय वाढतात ते सोलापूरच्या माणसाला सांगायला नको, उखळात कुटलेली तेल सुटलेली शेंगाची चटणी, ठेचा, लोणच्याची फोड. १९८६ ला त्यांचं अल्सरचं ऑपरेशन झालं, पोटाला ॲसिड सोडायचा हुकूम नेणारी नस कापायची आणि जठराला लहान आतड्याशी नवीन वाट जोडून द्यायची, तेव्हा असंच करायचे, आणि घरी सोडताना डॉक्टर म्हणाले की तिखट आता आयुष्यात नाही. अण्णा शब्दाला इतके पक्के की २०११ ला जाईपर्यंत त्यांनी चटणीला बोट लावलं नाही. यंत्रमागावरची रात्रपाळी संपवून सकाळी यायचे, दुधात भाकरी कुस्करायचे, वर चिमूटभर साखर, आणि आम्ही चौघं भावंडं त्यांच्यासमोरच चटणीवर तेल ओतून भाकरी हाणायचो. आई कधीकधी चटणीचा डबा खिडकीत नेऊन ठेवायची, त्यांना वास नको म्हणून. अण्णा म्हणायचे, राहू दे की गं, वासानं काय होतंय.

मी डॉक्टर नाही हे आधीच सांगून टाकतो. डी.फार्म आहे, पूर्व भागात छोटं मेडिकल आहे, १९९८ पासून काउंटरच्या मागं उभा आहे. धंदा पोटावरच चालतो, म्हणजे दोन्ही अर्थानं. ॲसिडिटी, गॅस, जुलाब, मुरडा, पोट साफ होत नाही, या पाच तक्रारी काढून टाकल्या तर माझ्या दुकानातली अर्धी रॅक रिकामी होईल. त्यामुळं पोटावर काय संशोधन झालंय ते वाचायची सवय लागली, आधी एमआर, म्हणजे औषध कंपन्यांचे प्रतिनिधी, कागद ठेवून जायचे ते वाचायचो, मग इंटरनेट आलं. आणि असंच एकदा रात्री गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा मोबाईलवर एक जुना पेपर सापडला आणि मी स्टुलावर बसूनच राहिलो.

तो १९८४ चा आहे, ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापलेला, पण काम दिल्लीतल्या डॉक्टरांनी केलेलं. प्रश्न एकदम आपल्या स्वयंपाकघरातला, लाल मिरची खाल्ली तर अल्सर भरून यायला उशीर होतो का? ड्युओडिनल म्हणजे लहान आतड्याच्या सुरुवातीला होणाऱ्या अल्सरचे ५० पेशंट घेतले, निम्म्यांना नेहमीचं जेवण आणि अँटासिड, बाकीच्या निम्म्यांना तेच सगळं आणि वर रोज ३ ग्रॅम मिरची पूड. चार आठवड्यांनी परत तोंडातून दुर्बीण टाकून बघितलं. दोन्हीकडं अल्सर सारखेच भरून आले होते. बास, एवढाच पेपर, दोन-अडीच पानाचा असेल.

१९८४. अण्णांचं ऑपरेशन १९८६ चं. दिल्लीवरून सोलापूरला यायला कर्नाटक एक्सप्रेसला एक दिवस लागतो, त्या निष्कर्षाला माझ्या माहितीप्रमाणं पंचवीस वर्षात पण जमलं नाही.

मी त्या डॉक्टरांना दोष देत नाही, त्या काळात सगळेच तेच सांगत होते, आणि खरं सांगायचं तर आजही माझ्या काउंटरवर येणाऱ्या दहातल्या नऊ लोकांना तेच सांगितलेलं असतं. माझं भांडण वेगळ्या गोष्टीशी आहे. पोटाच्या रोगांवर जगात भरपूर संशोधन होतं आणि चांगलं होतं, पण ज्या पोटासाठी ते होतं त्या पोटाच्या मालकाला ते कुणी सांगत नाही, आणि त्या मालकाला काय विचारायचंय ते संशोधन करणाऱ्यापर्यंत कुणी नेत नाही. रस्ता दोन्ही बाजूनं बंद. आणि हे आपोआप सुधरणार नाही, यासाठी नियम करायला पाहिजे, तो काय ते पुढं सांगतो.

आधी मिरचीचं पूर्ण करू, कारण यावर सोलापुरात अर्धवट बोललेलं चालत नाही. १९८८ ला अमेरिकेत ह्यूस्टनच्या डॉक्टरांनी धडधाकट लोकांना एकदा सपक जेवण, एकदा मसालेदार जेवण, एकदा ॲस्पिरीन असं देऊन नंतर दुर्बिणीतून पोटाचं अस्तर बघितलं. मसालेदार जेवणानं दिसण्यासारखं काही झालं नाही, ॲस्पिरीननं मात्र रक्ताळलेले ठिपके पडले. मग मिरचीनं आग होते ती कसली? तर ते कोडं डेव्हिड ज्युलियस या माणसानं १९९७ ला सोडवलं, आपल्या नसांवर उष्णता ओळखणारं एक दार असतं, मिरचीतलं कॅप्सेसिन तेच दार उघडतं, म्हणजे भाजलेलं काहीच नसतं पण मेंदूला निरोप जातो की भाजलं. त्याला २०२१ चं नोबेल मिळालं. आता याचा अर्थ सगळ्यांनी ठेचा चोपायचा असा होत नाही, ज्याच्या छातीत जेवल्यावर जळजळतं किंवा ज्याचं आतडंच हळवं आहे त्याला तिखटानं त्रास होतोच, नसांचा निरोप खोटा असला तरी दुखणं खरं असतं. पण 'त्रास होतो म्हणून कमी खा' आणि 'आयुष्यात नाही' यात फरक आहे, आणि त्या फरकात अण्णांची पंचवीस वर्षं गेली.

बरं अल्सर मग कशानं झाला होता? ही गोष्ट आता बऱ्याच जणांना माहिती आहे, ऑस्ट्रेलियातलं पर्थ, रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल, पोटाच्या ॲसिडमध्ये राहणारा वळणदार जंतू. तो प्रयोगशाळेत काही केल्या वाढत नव्हता, १९८२ ला ईस्टरच्या सुट्टीत प्लेटा नेहमीपेक्षा जास्त दिवस तशाच राहिल्या आणि वाढला. कुणी विश्वास ठेवेना म्हणून १९८४ ला मार्शलनं तो जंतू स्वतःच पिला आणि थोड्या दिवसात आजारी पडला. २००५ ला दोघांना नोबेल. पण मधलं कुणी सांगत नाही, अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेनं अल्सरच्या पेशंटला हा जंतू असेल तर अँटिबायोटिक द्या असं ठरवून सांगायला १९९४ उजाडलं. जगातल्या सगळ्यात श्रीमंत देशात दहा वर्षं. तिथं दहा तर आमच्या पेठेत किती धरायची?

आणि याच्या उलट उदाहरण बघा. २०१९ च्या सप्टेंबरात अमेरिकेतून बातमी आली की रॅनिटिडीन या ॲसिडिटीवरच्या औषधाच्या गोळ्यात एनडीएमए नावाचं कॅन्सरशी संबंध जोडला जाणारं रसायन सापडलं. ती बातमी माझ्या दुकानात यायला मोजून दोन तास लागले. व्हॉट्सॲपवर. म्हातारे लोक स्ट्रिप परत करायला आले, फोडलेल्या स्ट्रिपा सुद्धा. पुढं २०२२ ला आपल्या सरकारनं पण आवश्यक औषधांच्या यादीतून रॅनिटिडीन काढलं. म्हणजे बातमी खोटी नव्हती, पण मुद्दा असा की भीती पोचवायची लाईन आपल्याकडं पक्की टाकलेली आहे, कळायची लाईन कुणी टाकलीच नाही.

त्यानंतर सगळे पॅन्टोप्राझोल या ॲसिड दाबणाऱ्या दुसऱ्या औषधावर आले. आधीपासून होतेच, आता जास्त. पॅन्टोप्राझोल आणि डॉमपेरिडोन एकत्र असलेली कॅप्सूल, तिला आमच्याकडं सरळ 'गॅसची गोळी' म्हणतात, आणि ती चहाच्या आधी घ्यायची गोष्ट झालीय, दात घासले, गोळी घेतली, चहा पिला. आमच्या गल्लीतल्या एक मावशी आहेत, विडी वळतात, आठ वर्षं रोज घेतात. मी एकदा विचारलं, मावशी डॉक्टरांनी किती दिवस सांगितली होती? म्हणल्या, "पंधरा दिवस. पण बंद केली की परत जळायलंय, म्हणजे मला लागतीच की."

या 'लागतीच की' वर २००९ ला कोपनहेगनमध्ये प्रयोग झालाय. १२० चांगली ठणठणीत माणसं, ज्यांना ॲसिडिटीचा कसला त्रास नाही अशी, निम्म्यांना आठ आठवडे याच जातीची गोळी दिली, निम्म्यांना नुसती साखरेची म्हणजे प्लासिबो. मग पहिल्या गटाची गोळी गुपचूप बंद केली. पुढच्या चार आठवड्यात गोळी घेतलेल्यातल्या ४४ टक्के लोकांना ॲसिडचा त्रास सुरू झाला, दुसऱ्या गटात १५ टक्के. म्हणजे ज्यांना रोग नव्हता त्यांना गोळी सोडल्यावर रोगासारखं झालं. कारण पण सरळ आहे, ॲसिड दाबून धरलं की शरीर ते वाढवायची तयारी करत बसतं आणि झाकण काढलं की उसळतं, काही आठवड्यांनी बसतं. मावशींना हे मी माझ्या भाषेत सांगितलं, हळूहळू कमी करायची पद्धत असते ते डॉक्टरांना विचारा म्हणलं, त्यांनी ऐकून घेतलं आणि शेवटी विचारलं, "हे कुठं मराठीत लिहिलंय का? पोराला दाखवते." माझ्याकडं दाखवायला काही नव्हतं. आणि हो, माझं यात नुकसान आहे, त्या मावशी महिन्याला तीन स्ट्रिपा नेतात.

विडीचा विषय निघालाच आहे तर थोडं थांबतो इथं. सोलापुरात विडी वळणाऱ्या हजारो बायका आहेत, मांडीवर सूप, कंबर वाकलेली, मान खाली, दिवसाला हजार विड्यांचा हिशोब. संध्याकाळी अंगदुखीची गोळी लागते, डायक्लोफेनॅक, बरेचदा रिकाम्यापोटी, बरेचदा चिठ्ठीशिवाय. यंत्रमागावरच्या कामगारांचं पण तेच. आणि पोटाच्या अल्सरची जगभर मान्य झालेली दोन मोठी कारणं कोणती, तर तो पर्थवाला जंतू आणि ह्या वेदनाशामक गोळ्या. तिखट यादीत नाही. मग सोलापूरच्या माणसाला पोट दुखल्यावर पहिला प्रश्न काय विचारतात? "तिखट खाता का?" अंगदुखीची गोळी किती खाता हे विचारणारे मी बोटावर मोजण्याएवढे बघितले. हे विचारायला मशीन लागत नाही की फंड लागत नाही.

आता सोलापूरच्या पोटाचे स्वतःचे प्रश्न. मला सगळ्यात खटकणारा सांगतो. आपल्याकडं नळाला पाणी तीन-चार दिवसाआड येतं, उन्हाळ्यात पाच. उजनी धरणात पाणी असलं तरी. त्यामुळं घरोघरी बॅरल, सिन्टेक्स, हंडे-कळश्या, पाणी साठवून वापरायचं. तांब्या बुडवायचा, पोरं हात घालतात, गॅस्ट्रोची साथ येते जाते. आता पोटातलं ॲसिड हे काही नुसतं जळजळीसाठी दिलेलं नाहीये, ते वेशीवरचा पहारेकरी आहे, पाण्यातून आलेले बरेच जंतू तिथंच मरतात. २०१९ ला एक मोठी ट्रायल प्रसिद्ध झाली, कॉम्पास नावाची, १७ हजारांहून जास्त हृदयाचे पेशंट, निम्म्यांना पॅन्टोप्राझोल, निम्म्यांना प्लासिबो, सरासरी तीन वर्षं. गोळी तशी सुरक्षित निघाली, एकच गोष्ट जास्त दिसली, आतड्याचे इन्फेक्शन, १.४ टक्के विरुद्ध १.० टक्के. फरक छोटाय. पण त्या ट्रायलमधली किती माणसं बॅरलमधलं चार दिवसाचं पाणी पीत असतील? बरेचसे पेशंट चोवीस तास नळाच्या देशातले. मग जिथं पहारेकरी झोपवलेला आणि वेस पण उघडी, तिथं हा आकडा किती होतो? मला माहीत नाही, कुणालाच माहीत नाही, कारण कुणी मोजलेलं वाचण्यात नाही. आणि मोजणं अवघड पण नाही, साथीच्या दिवसात जुलाब घेऊन आलेल्या प्रत्येकाला एक प्रश्न जास्त विचारायचा, गॅसची गोळी रोज घेता का, आणि तेवढ्याच दुसऱ्या लोकांना, ज्यांना जुलाब नाहीत त्यांना, तोच प्रश्न. एका एमडीच्या पोराचा थिसिस होतो यात.

हां, थिसिस. एमडी-एमएस करणाऱ्या प्रत्येकाला प्रबंध करावाच लागतो, त्याशिवाय परीक्षेला बसता येत नाही. म्हणजे देशातल्या प्रत्येक मेडिकल कॉलेजात, जिल्ह्याच्या कॉलेजात सुद्धा, दर वर्षी ढिगानं संशोधन होतंच आहे, कुणी करा म्हणायची गरज नाही. ते जातं कुठं? माझ्याकडं मागं एक रेसिडेंट यायचा, नाव-कॉलेज सांगत नाही, गुणी पोरगा. त्यानं शंभर पेशंटवर अपचनाचा विषय घेतला होता, प्रत्येकाची दुर्बीण केली, पोटाचा कण घेऊन त्या जंतूची टेस्ट केली, ती टेस्ट बघण्यासारखी असते, पिवळ्या थेंबात कण टाकला आणि जंतू असला तर रंग गुलाबी व्हायला लागतो, कधी मिनिटात, कधी तासात. तो पोरगा डोळे मोठे करून सांगायचा, "काका, गुलाबी व्हायलंय ते बघायला मजा येते." वर्षभरानं मी विचारलं, काय निघालं रे शेवटी? म्हणाला सबमिट केलं, बाईंड करून दिलं, लायब्ररीत असंल. आणि ते शंभर लोक? त्यांना काय सांगितलं? त्यानं माझ्याकडं असं बघितलं की मी काहीतरी विचित्र विचारलंय. त्याची चूक नाही, त्याला कुणी शिकवलंच नव्हतं की हे पण काम असतं.

खरं तर नियम आहे. डॉक्टर लोकांचा जगभर मानला जाणारा हेलसिंकीचा जाहीरनामा आहे, त्यात लिहिलंय की ज्यांच्यावर संशोधन केलं त्यांना निष्कर्ष जाणून घ्यायचा पर्याय दिला पाहिजे. आपल्याकडं २००७ पासून सीटीआरआय नावाची सरकारी नोंदवही आहे, २००९ पासून औषधांच्या ट्रायलना त्यात नोंद सक्तीची झाली, वेबसाईट फुकट उघडते, विद्यार्थ्यांचे थिसिस पण त्यात असतात. पण सगळं इंग्रजीत. ज्या माणसाच्या पोटात दुर्बीण घातली त्यानं ते वाचावं अशी अपेक्षाच नाही त्यात.

लोक प्रयोगाला घाबरतात ते उगीच नाही. पोटाच्या संशोधनाची सुरुवातच अशी आहे. १८२२ ला अमेरिकेत एका फर कंपनीच्या नोकराला, ॲलेक्सिस सेंट मार्टिन त्याचं नाव, बंदुकीची गोळी लागली, जगला पण पोटाला बाहेरून भोक राहिलं ते कायमचं. विल्यम बोमाँट नावाच्या लष्करी डॉक्टरनं त्या भोकातून रेशमी दोऱ्याला मांसाचे तुकडे बांधून आत सोडले, थोड्या वेळानं ओढून काढले, किती पचलं ते बघितलं, असं वर्षानुवर्षं. १८३३ ला पुस्तक काढलं, पोटात अन्न रसायनानं पचतं हे जगाला कळलं ते असं. सेंट मार्टिन मात्र कंटाळून पळून जायचा, परत आणायचे. तो १८८० ला वारला तेव्हा घरच्यांनी प्रेत मुद्दाम कुजू दिलं आणि खूप खोल पुरलं, कारण डॉक्टर लोक त्याचं पोट मागत होते. आता कायदे कडक आहेत, २०१९ चे नवीन नियम आहेत, नुकसानभरपाई आहे, संमती घ्यावी लागते. पण संमतीचा कागद कधी वाचलाय का तुम्ही? "सदरहू अभ्यासामध्ये मी स्वखुशीने व कोणत्याही दबावाविना सहभागी होत असून". हे मराठी आहे, पण कुणाचं? आमच्या पूर्व भागात घरी तेलुगू बोलतात, अक्कलकोट रोडला गेलं की कन्नड येतं, विजापूर वेशीत दख्खनी, आणि हे सगळे लोक सही करतात किंवा अंगठा देतात, विचारलं तर सांगतात डॉक्टरांनी सांगितलं म्हणून केली.

भाषेचा मुद्दा नुसता सहीपुरता नाहीये बरं का, तो थेट विज्ञानाच्या आत शिरतो. आयबीएस म्हणजे ज्यात सगळे रिपोर्ट नॉर्मल येतात पण आतडं छळतंच, तो ओळखायचे निकष जगभरचे तज्ज्ञ बसून ठरवतात, त्यांना रोम निकष म्हणतात. २०१६ ला चौथी आवृत्ती आली तेव्हा त्यांनी व्याख्येतून 'डिसकम्फर्ट' हा शब्द काढूनच टाकला, कारण काय तर हा शब्द प्रत्येक भाषेत वेगळा लागतो आणि काही भाषांत नाहीच. आता फक्त दुखणं मोजायचं. पण आमच्या गिऱ्हाइकाला दुखत नसतं हो! त्याला 'कसंतरी' होत असतं. पोट डब्ब होतं, गॅस डोक्यात चढतो, पाठीत फिरतो, जेवण वर येतं, मोडशी होते. आणि सगळ्यात मोठी तक्रार, पोट साफ होत नाही. बद्धकोष्ठाच्या निकषात आठवड्यातून तीनपेक्षा कमी वेळा हा एक मुद्दा असतो. आपल्याकडं बहुतेक माणसं रोज एकदा तरी जातात, काही दोनदा, आणि तरी त्यांना पोट साफ झाल्यासारखं वाटत नाही आणि दिवसभर मूड जातो. हा माणूस कुठल्या खान्यात बसवायचा? तज्ज्ञांनी चूक केली असं नाही, भारतातले काही तज्ज्ञ या फरकावर लिहितात पण, पण सोलापूरच्या 'कसंतरी'चा अर्थ सोलापुरातच बसून शोधावा लागेल, तो रोमला सापडणार नाही.

यावर मला दोन उत्तरं मिळतात. एक, सरकारी डॉक्टरला ओपीडीत मान वर करायला वेळ नाही, संशोधन कुठलं करतोय. हे खरंय, मी नाकारत नाही, पण मी नवीन संशोधन मागतच नाहीये, जे सक्तीनं होतंय त्याचा विषय आणि निकाल मागतोय. दुसरं उत्तर जास्त चिडवणारं आहे, की असलं काम वेल्लोर-चंदीगड-मुंबईत होतं, जिल्ह्याच्या गावात काय होणार. शंभूनाथ डे हे नाव किती जणांना माहितीय? कोलकात्याचे, १९५० च्या दशकात जेमतेम साधनांवर, सशाच्या आतड्याचे दोन्हीकडून बांधलेले छोटे तुकडे घेऊन त्यांनी दाखवलं की कॉलराचा जंतू एक विष सोडतो आणि त्यानं आतडं पाणी ओकतं. १९५९ चा पेपर. त्यांना जिवंतपणी म्हणावा तसा मान मिळाला नाही ते वेगळं. आणि १९७१ ला बांगलादेशी निर्वासित बनगावला आले, कॉलरा पसरला, सलाईन संपलं, तेव्हा दिलीप महालनबीस यांनी मीठ-ग्लुकोज-सोड्याची पावडर पाण्यात कालवून ती पिंपानं वाटली, आणि मृत्यूचं प्रमाण सुमारे तीस टक्क्यांवरून चारच्या खाली आलं. बनगाव म्हणजे काय एम्स होतं का? सरहद्दीवरचं गाव. पर्थ तरी कुठं जगाच्या मध्यावर आहे.

आणि ओआरएसचंच बघा, पोटाच्या संशोधनातली ही एकच गोष्ट माझ्या आईला माहिती होती. साखर, मीठ, उकळून गार केलेलं पाणी. का, तर ती टीव्हीवर सांगितली, शाळेत सांगितली, अंगणवाडीच्या भिंतीवर रंगवली, तिच्या भाषेत. मिठाला आतड्यात शिरायला साखरेचा हात धरावा लागतो हे तिला माहीत नव्हतं, पण करायचं काय ते पाठ होतं. म्हणजे जमतं. ठरवलं तर जमतं. नंतर काय झालं ते पण सांगतो, आपण सांगायचं थांबवलं आणि ती जागा गोड पाण्याच्या खोक्यांनी घेतली, 'ओआरएस' लिहिलेली पण साखर भरमसाट, ज्यानं जुलाब उलट वाढू शकतात, आणि २०२५ च्या ऑक्टोबरात एफएसएसएआयला, म्हणजे खाण्यापिण्याच्या मालावर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेला, आदेश काढावा लागला की असल्या पेयांवर हा शब्द छापायचा नाही. मी स्वतः विकलीत ती खोकी. मार्जिन चांगलं होतं.

तर नियम कसला पाहिजे ते सांगतो. पोटावरच कशाला, कुठलाही थिसिस असो, विद्यापीठानं तो स्वीकारायच्या आधी त्याच्यासोबत एक पान मागायचं, त्या जिल्ह्यात जेवढ्या भाषा बोलतात तेवढ्या भाषांत, साध्या बोलीत, काय विचारलं, किती लोकांना विचारलं, काय निघालं, आणि काय निघालं नाही ते पण. 'काही फरक दिसला नाही' हा सुद्धा रिझल्टच असतो, अण्णांना तोच तर पाहिजे होता. ते पान ज्या ओपीडीत लोक रांगेत बसतात तिथं लावायचं, ज्यांनी भाग घेतला त्यांच्या मोबाईलवर पाठवायचं. आणि विषय ठरवायच्या आधी गाईडनं वर्षातून एकदा आशाताईंना, वाडीवस्तीवरच्या डॉक्टरांना आणि आमच्यासारख्या मेडिकलवाल्यांना बोलावून विचारायचं, की बाबांनो लोक काय विचारायलेत? ज्वारीची कडक भाकरी आणि ताजी भाकरी यात पोटाला काय फरक पडतो, हे मला आठवड्यातून एकदा तरी शुगरवाले विचारतात. गार झालेल्या स्टार्चचा काही भाग पचत नाही आणि खालच्या आतड्यातल्या जंतूंचं अन्न होतो एवढं पुस्तकात आहे, पण आपल्या मंगळवेढ्याच्या ज्वारीच्या, आपल्या पद्धतीनं वाळवलेल्या भाकरीचं काय? हे मोजायला सोलापूरपेक्षा चांगली जागा कुठली?

याला खर्च किती येईल म्हणाल तर एका पानाची झेरॉक्स. मी सुरुवात केलीय. त्या दिल्लीच्या मिरचीच्या प्रयोगाचं आणि कोपनहेगनच्या गोळीचं एक पान करून शटरच्या आतल्या बाजूला चिकटवलंय, खाली ठळक लिहिलंय की गोळी मनानं बंद करू नका, डॉक्टरांना विचारा. मावशीच्या पोरानं त्याचा फोटो काढून नेला. कन्नड पान एका रिटायर्ड मास्तरांनी लिहून दिलं. तेलुगूचं अडलंय, 'कसंतरी होतंय' याला तेलुगूत नेमकं काय म्हणायचं यावर माझ्या दोन गिऱ्हाइकांचं काउंटरवरच वाजलं, एक वरंगलच्या बाजूचे, एक जन्मापासून इथलेच, ते मिटलं की लावतो.